हूपमध्ये न बसणाऱ्या वस्तूंवर मशीन एम्ब्रॉयडरी: खिसा, टॉवेल, झबलं, टोपी आणि मोजा

मशीन विकत घेताना दुकानात डेमो बघितला असेल, तर तो हातभर लांब, कडक, सपाट कापडावर बघितला असेल. गुलाबाचं फूल कसं सुरेख उठतं! मग मशीन घरी येते आणि पहिलं गिऱ्हाईक सहा महिन्यांच्या बाळाचं झबलं हातात ठेवतं. "छातीवर नाव टाकून द्या, परवा उष्टावण आहे." झबलं आपल्या पंजाएवढं असतं आणि कापड धरणारा हूप त्याहून मोठा.

सोलापुरात हा प्रसंग ठरलेलाच. शाळेच्या युनिफॉर्मचे मोठे लॉट कारखान्यांतल्या अनेक डोक्यांच्या, म्हणजे एकदम बऱ्याच कपड्यांवर काढणाऱ्या, मशीनवर जातात. घरात एका सुईची मशीन घेऊन बसलेल्यांकडे सुटी कामं येतात: शाळा बदललेल्या मुलाचा एकच खिसा, आहेराच्या टॉवेलची जोडी, वरातीच्या टोप्या, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी मुलांच्या बाराबंद्या, नाड्यांनी बांधायचे पांढरे अंगरखे. म्हणजे आपलं पोट ज्या कामांवर आहे, ती सगळी अडनिडी. मी शिकले तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मी लोकांच्या वस्तू खराब करून भरून दिल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. आधी हे पक्कं करा: ताण कागदाला द्यायचा, कापडाला नाही

हूपला कुणी रिंग म्हणतं, कुणी फ्रेम. दोन कडी, मध्ये कापड, बाजूला स्क्रू. नवीन माणूस कापड हूपमध्ये घालतो, स्क्रू आवळतो आणि मग चारी बाजूंनी कापड ओढून डफासारखं ताठ करतो. मीही तेच करायचे. हूपमध्ये असेपर्यंत काम सुंदर दिसतं. हूप काढला की ताणलेलं कापड मूळ जागी परत जातं, टाके मात्र जात नाहीत, आणि अक्षरांभोवती चुण्या पडतात. त्या चुण्या इस्त्रीने जात नाहीत.

युनिफॉर्मच्या कारखान्यात वर्षानुवर्षं मोनोग्राम काढणाऱ्या एका मावशींनी माझं काम उलटसुलट करून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "कापडाला ओढू नगं, कागदाला ओढ." पुढचं सगळं या एका वाक्यातून आलं आहे.

लहान वस्तू हूपमध्ये घालायचीच नाही. हूपमध्ये फक्त बॅकिंग पेपर, म्हणजे कापडाच्या मागे आधाराला लावायचा कागद, घालायचा, तो टिचकी मारल्यावर वाजेल इतका ताणायचा, आणि वस्तू त्याच्या वर न ओढता चिकटवायची किंवा कच्च्या टाक्यांनी धरायची. वस्तू कागदावर तरंगत असल्यासारखी राहते. तिचा आकार कसाही असू दे, हूपच्या कडीला तिच्याशी घेणं-देणं उरत नाही.

२. सामान

मशीन आणि दोऱ्याशिवाय एवढं जवळ हवं:

- मशीनसोबत आलेला सर्वांत लहान हूप. घरगुती मशीनला बहुतेक १०० × १०० मिलिमीटरचा, म्हणजे ४ इंची मिळतो. डिझाइन मावेल असा सगळ्यांत लहान हूप वापरायचा. मोठ्या हूपमध्ये कागद मध्यभागी सैल पडतो.
- तीन प्रकारचे बॅकिंग: काम झाल्यावर फाडून काढायचा कागद, कापून काढायचा कागद जो कायम मागे राहतो, आणि पाण्यात विरघळणारा.
- पाण्यात विरघळणारी पातळ पारदर्शक फिल्म. ही कापडाच्या वर टाकतात.
- चिकट पाठीचा बॅकिंग पेपर, नाहीतर तात्पुरता चिकटणारा गमचा स्प्रे.
- सुया: रोजच्या कामाला ७५/११, होजिअरीला गोल टोकाची ७५/११, जाड कापडाला ९०/१४, बारीक अक्षरांना ६५/९.
- कापडाचे प्लॅस्टिक चिमटे, टेलर चॉक, पारदर्शक पट्टी, टोक वळलेली बारीक कात्री, उसवणी.
- घरात उरलेल्या सुती कापडाचे मोठे तुकडे. हे कशाला, ते खिशाच्या कामात कळेल.

कागद-फिल्मच्या बाबतीत आपल्या हवेचं भान ठेवा. विरघळणारी फिल्म एप्रिल-मेमध्ये उघडी राहिली तर कोरडी पडून तडकते आणि पावसाळ्यात ओलसर होऊन चिकटते. झिपच्या पिशवीत बंद ठेवा. गमचा स्प्रे गच्चीवरच्या खोलीत, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. दाबाखालचा, पेट घेणारा डबा असतो तो. आणि तो मशीनजवळ कधीच मारू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात तोंड खाली करून मारायचा, नाहीतर गमचे कण मशीनच्या आत बसतात.

३. काम घेतानाच विचारा: शिवून झालंय का?

अर्ध्या अडचणी या एका प्रश्नाने सुटतात. कारखान्यात खिशाचं मोनोग्राम कापलेल्या तुकड्यावर काढतात, शर्ट नंतर शिवला जातो. तुमच्या गिऱ्हाईकाचा शिंपी कापड बेततोय का? मग बाही, गळा, खिसा आधी तुमच्याकडे येऊ दे. ब्लाउजपीसच्या बाबतीत तर न कापलेल्या कापडावर बाहीची रेघ आखून घ्यायची, एम्ब्रॉयडरी करायची आणि मग कापायला द्यायचं. शिंप्याशी दोन शब्द बोलून ठेवलेत तर तोच पुढे कामं पाठवतो.

वस्तू नवीकोरी सुती असेल तर आधी धुऊन आणायला सांगा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिस्टरचा दोरा आटत नाही, आणि घरी नेल्यावर नावाभोवती कापड गोळा होतं. दोष तुमच्यावर येतो.

४. मध्य आणि दिशा

वस्तू घडी घालून मध्य काढा, चॉकने अधिक चिन्ह करा आणि वरच्या बाजूला बाण काढा. बाण विसरू नका. टॉवेल दांडीवर टाकल्यावर अक्षरं सरळ दिसायला हवीत, आणि टेबलावर पसरलेल्या टॉवेलची खालची बाजू कुठली हे ऐन वेळी लक्षात येत नाही. उलटं आलेलं नाव उसवण्यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे.

पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणेवर इस्त्री फिरवू नका, शाई पक्की बसते. उष्णतेने जाणाऱ्या पेनाची खूण गारठ्यात परत उमटू शकते. म्हणून मी साध्या चॉकवरच आहे.

५. कागद हूपमध्ये

स्क्रू सैल करा, बाहेरची कडी टेबलावर ठेवा, वर कागद, मग आतली कडी दाबा. कागद हूपच्या चारी बाजूंना किमान दोन बोटं बाहेर यायला हवा. स्क्रू थोडा आवळा, कागद ताणा, मग पूर्ण आवळा. हाताने जितका आवळता येईल तितका आवळायचा, त्यानंतर स्क्रूड्रायव्हरने फार तर अर्धा वळसा. जास्त जोर लावला तर प्लॅस्टिकची कडी तडकते.

कागद घसरत असेल तर आतल्या कडीला सुती नाडी किंवा कापडाची पट्टी गुंडाळून दोन टाके घाला. पकड लगेच सुधारते.

चिकट कागद असेल तर गुळगुळीत बाजू वर ठेवून हूपमध्ये घाला. मग सुईच्या टोकाने वरचा थर हलकेच चिरा आणि सोला. खालचा कागद कापला जाता कामा नये. हूपच्या प्लॅस्टिकवर मध्याच्या खुणा असतात, त्या पट्टीने जोडून कागदावर अधिक चिन्ह काढा. त्याच्यावर वस्तूचं चिन्ह जुळवायचं आणि तळहाताने मधून बाहेर सपाट करत चिकटवायचं.

६. कच्चे टाके आणि चौकट फिरवणं

नुसत्या गमवर विसंबू नका. बहुतेक मशीनमध्ये डिझाइनभोवती लांब टाक्यांची चौकट घालायची सोय असते. ती नसेल तर डिझाइन बनवणाऱ्याकडून तशी चौकट पहिल्या रंगात टाकून घ्या. हे टाके नंतर सहज ओढून निघतात. टाचण्या लावायच्याच असतील तर हूपच्या कडेला, सुई पोचणार नाही अशा जागी.

त्यानंतर मशीनचं ट्रेस बटण दाबून सुई न खाली आणता डिझाइनच्या कडेने हूप फिरवून बघा. माझ्या दुसऱ्याच कामात मी हे टाळलं, सुई हूपच्या कडीवर आपटून तुटली, आणि मशीनचं टायमिंग बिघडून आठ दिवस काम बंद. तेव्हापासून घाई कितीही असो, ही फेरी चुकत नाही.

शेवटी हूपच्या खालून हात फिरवा. बाहीचा, पाठीचा, नाडीचा कुठला भाग खाली दुमडून आला नाही ना? टोपी किंवा झबल्याची मागची बाजू पुढच्या बाजूला शिवली जाणं, ही या कामातली सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे.

७. वस्तूगणिक काय वेगळं करायचं

*शाळेचा खिसा.* शर्टावर शिवलेल्या खिशावर तसंच मोनोग्राम मारलं तर खिसा बंद होतो. खिसा पूर्ण उसवा, इस्त्री करा, काम करा, आणि जुन्या टाक्यांच्या रेघेवरच परत शिवा.

उसवलेला खिसा हूपमध्ये पकडता येत नाही, म्हणून त्याला मोठ्या कापडाचा आधार द्यायचा. मोठा सुती तुकडा एकटाच हूपमध्ये घाला, त्याच्या मधोमध खिसा ठेवून चारी कडांना कच्चे टाके मारा, मग हूप उलटा करून खिशाच्या मागचं सुती कापड कात्रीने खिडकीसारखं कापून टाका आणि हूपखाली कागद सरकवा. आता खिसा कडांनी धरलेला आहे आणि मागे फक्त कागद. चिकट कागद महाग पडतो तेव्हा मला हीच पद्धत बरी वाटते.

दहा-वीस खिसे एकसारखे असतील तर डिझाइनच्या सुरुवातीला खिशाच्या आकाराची एक रेघ टाकून घ्या. मशीन कागदावर ती रेघ शिवते, तुम्ही प्रत्येक खिसा त्या रेघेत बसवता. बोधचिन्ह सगळ्यांवर एकाच जागी येतं. चिकट कागद वापरत असाल तर प्रत्येक खिशानंतर कागद बदलायची गरज नाही. फाटलेल्या भोकाला खालून त्याच कागदाचा तुकडा चिकटवा आणि पुढे चला.

बोधचिन्हातल्या ब्रीदवाक्याबद्दल पालकांशी आधीच बोला. साध्या ४० नंबरच्या दोऱ्याने ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं वाचता येत नाहीत. त्यातही देवनागरीत काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं असतात, म्हणून मी इंग्रजीपेक्षा दीडपट मोठं अक्षर धरते. लहानच हवं असेल तर ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५/९ ची सुई.

*टॉवेल.* सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. आहेरात, सत्कारात टॉवेल देणं आपल्याकडे अजून चालतं, त्यामुळे हे काम वर्षभर येतं. शिकायचं असेल तर सेकंडचा माल आणून त्याच्यावर हात बसवा.

टेरीचा टॉवेल हूपमध्ये आवळला की कडीखालचे लूप दबतात आणि गोल वळ उमटतो. वाफेने तो बराचसा जातो, पण सगळा जातोच असं नाही. म्हणून टॉवेल कागदावर चिकटवायचा, कच्च्या टाक्यांनी धरायचा, आणि वरून विरघळणारी फिल्म टाकायची. फिल्म नसेल तर लूप टाक्यांमधून डोकं वर काढतात आणि दोन-चार धुण्यांत नाव झुडपात हरवल्यासारखं होतं. डिझाइनवाल्याला सांगून अक्षरांखाली टॉवेलच्याच रंगाची विरळ जाळी मारून घ्या, ती लूप कायमचे दाबून ठेवते. अक्षरं जाड घ्या, रेघेची रुंदी ३ मिलिमीटरच्या आसपास. पातळ, तिरपी, नाजूक अक्षरं टेरीवर टिकत नाहीत; गिऱ्हाईकाने हट्ट धरला तर जुना नमुना दाखवा. टॉवेलची मागची बाजूही दिसते, तेव्हा बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा टॉवेलच्या रंगाचा भरा.

मोठ्या टॉवेलचं ओझं हूप ओढतं आणि डिझाइन सरकतं. टॉवेल गुंडाळून चिमटे लावा आणि त्याचं वजन टेबलावर टेकवा, खाली लोंबू देऊ नका. जड भाग सुई आणि मशीनचा खांब यांच्या मधल्या अरुंद जागेत येत असेल, तर डिझाइन मशीनवर १८० अंशांत फिरवा आणि टॉवेलही उलटा लावा. ओझं मोकळ्या बाजूला जातं.

*झबलं आणि बाळाचा टी-शर्ट.* मागे नाड्या असलेलं झबलं उघडून सपाट पसरतं, त्यामुळे सोपं. बंद टी-शर्टला युक्ती लागते. टी-शर्ट उलटा करा. छातीची बाजू खाली ठेवून घेराच्या तोंडातून आत बघा, आत छातीची सुलट बाजू दिसेल. तोच भाग चिकट कागदावर टेकवा आणि बाकीचा शर्ट वाडग्याच्या काठासारखा भोवती वर गुंडाळून हूपला चिमटे लावा. सुई वाडग्याच्या तळाशी चालते. पूर्ण काम होईपर्यंत जवळ बसा, एक चिमटा सुटला तरी पाठ सुईखाली येते.

होजिअरीला फाडायचा कागद चालत नाही. कापड ताणलं जातं आणि टाक्यांना मागे आधार उरत नाही. कापून काढायचा मऊ कागद घ्या, गोल टोकाची सुई लावा, आणि डिझाइन हलकं निवडा. छाती भरून दाट भरलेला हत्ती बाळाला पुठ्ठ्यासारखा टोचतो. काम झाल्यावर मागून मऊ फ्युजिंगचा तुकडा इस्त्रीने लावून टाके झाका. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे आणि आया ती लक्षात ठेवतात.

*बाराबंदी.* संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांसोबत चालणाऱ्यांचा हा पांढराशुभ्र वेश. लहान मुलांच्याही बाराबंद्या नावासाठी येतात. नाड्या सगळ्या सोडा, एकावर एक येणारे पदर वेगळे करा, फक्त वरचा पदर कागदावर घ्या, नाड्या चिमट्यात बांधून ठेवा. पांढऱ्या कापडावर मशीनच्या तेलाचा एक थेंबही दिसतो, म्हणून तेल दिल्यावर आधी चिंधीवर पाच मिनिटं मशीन चालवा. ही कामं डिसेंबरातच मागून घ्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे एकदम येतात आणि घाईत पदर शिवले जातात.

*टोपी.* गांधी टोपी सपाट पडते म्हणून सोपी वाटते. दोन्ही बाजू एकत्र शिवल्या गेल्या तर डोकं आत जाणार नाही, त्यामुळे एकच बाजू कागदावर घ्या आणि दुसरी उलटून चिमट्याने धरा. मऊ क्रिकेट कॅप असेल तर आतली घामाची पट्टी बाहेर उलटा, समोरचा भाग चिकट कागदावर दाबा, कच्चे टाके मारा. डिझाइनची उंची दोन इंचांच्या आत ठेवा, झापेपासून अर्धा इंच अंतर सोडा, आणि डिझाइन मधून बाहेर, खालून वर जाणारं करून घ्या. समोर कडक बक्रम असलेली कॅप सपाट हूपवर घेऊ नका. तिला कॅप फ्रेम लागते, ज्यांच्याकडे ती आहे त्यांना काम द्या.

*मोजा.* पायात घातल्यावर मोजा ताणला जातो, तेव्हा पुठ्ठ्याचा पायाएवढा तुकडा आत घालून ताणलेल्या स्थितीत खूण करा आणि मग पुठ्ठा काढा. मोजा उलटा करून टी-शर्टसारखा वाडग्याच्या पद्धतीने लावा, वरून फिल्म. एक-दोन अक्षरं, बस. मोठं नाव घेतलंत तर मोजा पायात चढत नाही.

*रुमालाचा कोपरा.* कोपऱ्यावर हूप पकडताच येत नाही. विरघळणारा, कापडासारखा दिसणारा बॅकिंग हूपमध्ये घाला, त्यावर ४५ अंशांची रेघ आखून कोपरा जुळवा, कच्चे टाके मारा. धुतल्यावर मागची बाजूही स्वच्छ.

*रिबन आणि पट्ट्या.* चिकट कागदावर मध्यरेघ आखा, पट्टी तिच्यावर सरळ चिकटवा. एवढंच.

*मखमल आणि रेक्झिन.* मखमलीवर हूपचा वळ कायम राहतो, रेक्झिनवर सुईचं प्रत्येक भोक कायम राहतं. दोन्ही हूपमध्ये घालायचे नाहीत. रेक्झिनवर टाचणी नको, दाट डिझाइन नको, नाहीतर टपालाच्या तिकिटासारखा तुकडा सुटून हातात येतो.

८. मशीन चालू असताना

अशा वस्तूंना मशीनचा पूर्ण वेग देऊ नका. मी मिनिटाला ४०० ते ६०० टाके ठेवते. गमामुळे सुई चिकट होऊन दोरा तुटायला लागला की थांबून सुई स्पिरिटने पुसा.

लाइट गेली तर हूपमधली वस्तू हलवू नका. पडद्यावरचा टाक्यांचा आकडा अधूनमधून वहीत टिपत जा. लाइट आल्यावर मशीनला आकड्यावर नेऊन पाच-दहा टाके मागे घ्यायचे आणि तिथून सुरू करायचं.

चुंबकाचे हूप हल्ली मिळतात आणि जाड वस्तूंना खरंच सोयीचे आहेत. ते एकदम आदळतात, बोट सापडलं तर चेंगरतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्यापासून लांब ठेवा.

९. काढणं आणि साफ करणं

आधी कच्चे टाके काढा, मग वरची फिल्म फाडा. अक्षरांच्या पोटात अडकलेले तुकडे ओल्या फडक्याने टिपले की विरघळतात. फाडायचा कागद काढताना एका हाताच्या अंगठ्याने टाके दाबून धरा. कापायचा कागद डिझाइनपासून ५-६ मिलिमीटर सोडून गोलाईत कापा, टोकं ठेवू नका, ती टोचतात. इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून.

१०. चुकलंच तर

सुलट बाजूने उसवू नका. वस्तू उलटी करा, बॉबिनचे पांढरे टाके उसवणीने किंवा ब्लेडने थोडे-थोडे कापा, मग सुलट बाजूने वरचा दोरा चिमट्याने ओढा. टेरी आणि होजिअरीवर ब्लेड वापरू नका, टेरीचे लूप कापले जातात आणि होजिअरीचं एक घर तुटलं की भोक वाढत जातं. सगळं निघाल्यावर त्या जागेवर वाफ द्या, बोटांनी कापड चोळा, सुईची भोकं बरीचशी मिटतात. मागे कापायच्या कागदाचा नवीन तुकडा लावा आणि त्याच जागी, त्याच खुणेवर परत काढा. एक-दोन मिलिमीटर बाजूला सरकवलंत तर जुनी भोकं नावाच्या कडेने डोकावत राहतील.